बांगड्याचे कल्ले

"आये, बघ तरी समुद्र!" हेमंत तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा चांगुणाबाईंचा जीव अगदी मेटाकुटीला आला. चाळीस वर्षं हर्णैच्या बंदरावर मासळी विकलेल्या बाईला तीन तास गाडीत बसवून लेकाने इंग्लंडातल्या स्कारबरोला आणलं होतं, ते काय दाखवायला, तर समुद्र! सकाळपासून चढणीवरचा किल्ला झाला, राणीच्या काळातलं हॉटेल झालं. "आता इथेच राहा माझ्याकडे," हे ऐकून तर कान किटले होते. गुडघे बोलायला लागले होते.

बंदराच्या कडेला एक म्हातारी गोरी बाई मासळी विकत होती. चांगुणाबाईंचा हात सवयीने पुढे गेला आणि त्यांनी फळीवरच्या बांगड्याचा कल्ला उचकटून पाहिला. आतून पार फिकट.

"आये, इथे हात नाही लावत!" हेमंत ओशाळला.

त्या बाईने आधी डोळे वटारले. मग तिची नजर चांगुणाबाईंच्या काट्यांनी ओरखडलेल्या बोटांवर गेली. ती खाली वाकली आणि फळीखालच्या बर्फातून दुसरा बांगडा काढून पुढे धरला. याचे कल्ले लालभडक होते. चांगुणाबाई खुदकन हसल्या. चांगली मासळी खाली दडवायची खोड इथेही होतीच.

बाईने आपलं स्टूल पुढे सरकवलं. चांगुणाबाई गिऱ्हाइकांकडे तोंड करून टेकल्या.

"आये, समुद्र मागे आहे."

"ठाऊक आहे रे. जन्मभर तो पाठीमागेच होता. आता हर्णैला माझ्या मासळीच्या पाटावर परत नेऊन बसव मला."