गाभ्यातलं पाणी

अंबरनाथला माझी आजी वारली, तेव्हा थोरले काका नागपूरहून यायचे होते. वडील उल्हासनगरला एका निर्वासित शेठच्या बर्फकारखान्यात कामाला. काकांना तिचं तोंड दिसावं म्हणून बर्फाच्या लाद्या आणायला धावले. पाणी गोठताना क्षार आणि हवा लादीच्या गाभ्यात कोंडून तो पोचट राहतो, म्हणून ते एरवी मधलं पाणी उपसून ताजं भरत. “बीच का पानी निकाला नहीं?” शेठनी विचारलं. “आई थांबायची नाही, शेठ!” पांढुरक्या लाद्या एकावर एक रचून आजीला वर निजवलं. दुपारी भारानं खालच्या लादीचा गाभा खचला, रास कलली. वडील भुसा दाबत, तुकडे सावरत राहिले. संध्याकाळपर्यंत सगळं वितळलं. तिला न्यावंच लागलं. काका दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. म्हणाले, “शेवटी आई कशी दिसत होती रे?” वडिलांची मान वर होईना. “दादा, मी दिवसभर बर्फाकडेच बघत होतो.”