लीनाची पसंती

लीना उठून गेली, तेव्हा सहादेव पालवे गोष्टीच्या दुसऱ्याच पानावर होता. कोल्हा अजून विहिरीत पडायचा होता.

"थांबा," झोपाळ्यावरून अण्णा देवचके म्हणाले. "समोरचं माणूस गेलं. आता भिंतीला सांगून काय उपयोग?"

संगमनेरला अण्णांकडे हीच परीक्षा होती. मुलांसाठी त्यांनी आयुष्यभर गोष्टी लिहिल्या, पण नव्या लेखकाची गोष्ट ते स्वतः वाचत नसत. लेखकाने यायचं, जाजमावर बसायचं आणि त्यांच्या सात वर्षांच्या नातीला, लीनाला, गोष्ट सांगायची. ती शेवटपर्यंत बसली तर अण्णा पुण्याच्या प्रकाशकाला चिठ्ठी देत. त्या चिठ्ठीशिवाय प्रकाशक पाकीटसुद्धा फोडत नसे. भल्याभल्या लेखकांना या चिमुरडीने घरी पाठवलं होतं.

सहादेव पाथर्डीकडचा प्राथमिक शिक्षक. बाहत्तरचा दुष्काळ. शाळेतली निम्मी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर जात. उरलेल्यांना तो गोष्टी सांगे आणि घरी बसून त्याच लिहून काढी.

"अण्णा, नेमकं कुठं चुकतंय?"

"मला काय विचारता? तिला कंटाळा आला, एवढं मला दिसलं."

लीनाला विचारावं, तर ती कुणाशी बोलत नसे. लाजाळू असेल, असं सहादेवने धरून चाललं.

घरी जाऊन त्याने जड शब्द काढले. कोल्हा तालुक्याच्या पोरीला कशाला आवडेल, म्हणून ससा घातला. लीना सशालाही बधली नाही.

पुन्हा निघताना बायको राहीबाई दारात उभी राहिली. "लई झाल्या यष्टीच्या खेपा. या टायमाला जमलं न्हाई तर समदे कागद चुलीत घालीन." ती नुसती बोलून थांबणारी बाई नव्हती.

या खेपेला त्याने कोल्हा परत आणला होता. कागदात डोकं घालून, एकेक शब्द तोलत तो वाचू लागला. जरा वेळाने वर पाहिलं, तर लीना पायाचा अंगठा चाळवत बसलेली. पालथ्या घड्यावर पाणी! सहादेवचं डोकंच फिरलं. कागद त्याने बाजूला सारले.

"ऱ्हाऊ दे हे. कोल्हा कसा पडला, त्ये बघ."

वर्गात सांगायचा तशी त्याने सुरुवात केली. तो जाजमावर ओणवा झाला. विहिरीत डोकावला. पाण्यात दुसरा कोल्हा पाहून त्याने डोळे वटारले, मिशा फेंदारल्या आणि आपल्याच सावलीला दम भरला. "कोन रं तू? माज्या हिरीत काय करतूस?"

लीना खुदकन हसली. गुडघ्यांवर सरकत पुढे आली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात फळीवरून पितळी परात धाडकन पडली. सहादेव स्वतः दचकला. लीनाची नजर मात्र त्याच्या चेहऱ्यावरून ढळली नाही. पोरगी किती रंगली म्हणायची! त्याची छाती भरून आली. कोल्हा पडला, भिजला, पोहऱ्यात बसून वर आला, आणि लीना शेवटपर्यंत जागची हलली नाही. मग टाळ्या पिटत अंगणात पळाली.

अण्णा झोपाळ्यावरून उतरले आणि त्यांनी दौत पुढे ओढली. चिठ्ठीत त्यांनी एवढंच लिहिलं: 'यांना आपली गोष्ट डोळ्यांपुढे दिसते. जरूर छापा.'

सहादेवच्या डोळ्यांत पाणी आलं. राहीबाईला आता काय सांगू आणि काय नको, असं त्याला झालं.

"कळलं बगा, अण्णा, काय चुकत हुतं," तो चिठ्ठी घेत म्हणाला. "मी पुस्तकी बोलत हुतो. आमची बोली तिच्या कानावर पडली अन् पोरगी जागची उठली न्हाई."

"बोली सोडू नका. गोड आहे," टाक पुसून ठेवत अण्णा म्हणाले. "पण लीनाला जन्मापासून ऐकू येत नाही."