दुहेरी गाठ

स्पीडब्रेकरपाशी वेग कमी केला आणि गाडी पुन्हा बंद पडली. मागून हॉर्न वाजू लागले, कुमुदने घाईघाईने किल्ली फिरवली. नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून त्याची ही जुनी गाडी तीच चालवत होती. शेजारी बसलेला तो नेहमीसारखा म्हणाला, “तुला क्लच जमतच नाही.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गॅरेजात शिरली. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून एका रबरी पाइपावर बोट दाबलं. आचके देणारं इंजिन शांत झालं. बोट उचललं, इंजिन बंद पडलं.

“ताई, पाइप चिरलाय, हवा ओढतोय. म्हणून वेग कमी केला की गाडी बंद पडते. तुमच्या पायाचा दोष नाही. ही पट्टी बघा, आधीच कुणीतरी बांधली होती. आता ढिली पडलीय.”

सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर सुतळीची दुहेरी गाठ. घरातल्या गळक्या नळाला, कुकरच्या दांड्याला तीच गाठ होती, नवऱ्याच्या हातची.

घरी पोचताच त्याने विचारलं, “क्लचच ना?”

तिने मिस्त्रींकडून मागून आणलेली पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं चाचपत गाठीपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.