हक्काचं कॉलेज

"शेवटची ओळ कोरी ठेवू नकोस," बाप म्हणाला. "आजीचं कॉलेज टाक आणि बटण दाब."

नातीचं बोट माऊसवर गार पडलं होतं. प्रवेशासाठी कॉलेजं भरायची यादी संध्याकाळी बंद होणार होती आणि खिडकीतलं ऊन केव्हाच भिंतीवर चढलं होतं. शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, वर आभाळातली लिहा, मध्ये हाताला येतील अशी, आणि तळाला एक हक्काचं असू द्या. सगळ्यांनी हाकललं तरी तेवढं दार उघडं राहतं. पण गणितात मार्क असे पडले होते की मधलीही आभाळात गेली होती. उरलं ते हक्काचं. ते चुकलं तर वर्ष घरात.

हक्काचं म्हणजे आजीचं. तिथल्या कॅन्टीनमध्ये तिनं उभी हयात काढली होती. "प्राचार्यसुद्धा माझ्यापुढे ताट घेऊन रांगेत उभे राहतात," हे तिचं वाक्य घरातल्या भिंतींनाही पाठ होतं.

आज आजी दाराशीच थबकली होती. नुकतीच बाहेरून आलेली, काखेत एप्रन, हातात रिकामा डबा. हल्ली ती घरचा डबा नेई. स्वतःच्या हातचं खाऊन वीट आला म्हणे. जिभेला हाड नसलेली ही बाई आज डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती.

"ते नको," ती शेवटी म्हणाली.

"का?"

"टुकार आहे."

सुनेनं धुवायला म्हणून एप्रन घेतला. "घ्या. कालपर्यंत तर स्वर्ग होता. हल्ली एप्रनवर तेलाचा डागसुद्धा नसतो, इतकं टापटिपीचं कॅन्टीन कुठे असतं का, आई?"

"डाग बघायचे तर स्वतःचा ओटा बघ." आजीनं एप्रन हिसकून घेतला.

नात वळली. तिचे डोळे काठोकाठ भरले होते. "मी तिथे आले तर तुझी मान खाली जाईल, असंच ना? एवढी वाया गेले मी?"

आजीनं डबा घट्ट धरला. झाकली मूठ उघडली, तर उद्यापासून या घरात तिचा शब्द कोण मानणार?

"सरक, मीच टाकतो," बाप म्हणाला आणि त्यानं माऊस ओढला.

"हात काढ तिथून."

बापाचा हात जागीच थांबला. आजीचा असा आवाज त्यानं लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"ते कॉलेज बंद होतंय," आजी म्हणाली. "पाटी लागायची आहे अजून, पण घर मोडताना आधी चूल विझते. परीक्षेच्या आधीच मोठी पातेली टेम्पोत चढली. मीच चढवून दिली, या हातांनी."

सुनेनं मान खाली घातली.

"मग रोज सकाळी डबा घेऊन तू जातेस कुठे?" नातीनं विचारलं.

"बागेत." आजी कोऱ्या एप्रनची घडी घालत होती. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? दुसरं हक्काचं शोध. यादी बंद होईल."