जाऊबाईंचं ऊन

शब्द न् शब्द खरा आहे हा! यात तिळाएवढं जरी खोटं निघालं, तर जीभ झडो माझी, आणि उरलेले दातही पडोत.

कुलूपवाला जिन्यात उभा होता आणि त्याला दरदरून घाम फुटला होता. चपला हातात, पिशवी काखेत. वरच्या मजल्यावरच्या बाई परगावी गेल्या होत्या. जाताना घराची किल्ली त्यांनी कुलूपवाल्याच्या हातात ठेवली, एवढा विश्वास! समोरच्या कोपऱ्यावरच तर त्याची टपरी. बाईंची टॅक्सी वळेपर्यंत तो बघत उभा होता.

मग घाम कशाचा? ऐका.

बाईंनी दोन कासवं पाळलेली, दोन्ही माद्या. काचेची टाकी, अर्धी पाण्यानं भरलेली, मध्ये एक दगड आणि दगडावर टांगलेला दिवा. तेच त्यांचं ऊन. सकाळी लागायचा, संध्याकाळी विझायचा, टायमरवर. कासवाला एखाद दिवस खायला नाही मिळालं तरी चालतं. ऊन नाही मिळालं तर ते गारठतं. खात नाही, हलत नाही, आणि मग... जाऊ दे.

कुलूपवाल्यानं पहिल्याच दिवशी घोळ घातला. रिकाम्या घरात पाऊल टाकलं की आधी मेन स्विच बंद करायचा, ही त्याची जुनी सवय. बंद केला, आपलं काम उरकलं. जड पिशवी काखेत मारून निघताना टाकीकडं लक्ष गेलं. दोघी मान वर करून विझलेल्या दिव्याकडं बघत होत्या. त्याला घाई होती. मेन तसाच राहिला.

घरी गेला, पण त्या दोन माना काही डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या दिवशी धावत आला, मेन चालू केला. टायमर मागं पडला होता. तो पुढं सरकवायला गेला. कुठलंही कुलूप गोंजारून उघडणारी बोटं ती, पण त्या दिवशी घाईत जोर जास्त लागला. चाकाचा दात मोडला. टायमर कायमचा गप्प.

मग त्यानं दिवा सरळ भिंतीतल्या बटणावर जोडला. सकाळी लावायचा, संध्याकाळी विझवायचा. रात्रभर ठेवला तर त्यांना झोप नाही, लावलाच नाही तर ऊन नाही. म्हणजे दिवसातून दोनदा जीव मुठीत धरून जिना चढायचा. येताना पिशवी जड असायची, जाताना हलकी.

"रोज सकाळ-संध्याकाळ कुठं हो जाता?" बायकोनं विचारलं.

"कासवांचा दिवा लावायला."

"थाप मारायची तर धड मारा. निदान मित्र आजारी आहे म्हणा."

"अगं, खरंच. धाकट्या जाऊबाई खात नाहीयेत."

"कोण जाऊबाई?" बायकोच्या हातातली पळी हवेतच थांबली.

त्या दोघी सदा एकमेकींकडं पाठ करून बसायच्या, म्हणून थोरल्या-धाकट्या जाऊबाई ही नावं त्यानंच ठेवलेली. हे बायकोला पटवता पटवता त्याच्या नाकी नऊ आले.

आणि धाकटी खरोखरच खात नव्हती. त्या पहिल्या गारठ्यानं तिनं जी मान आत घेतली, ती घेतलीच.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी त्याला जिन्यात गाठलं.

"कुणाकडं?"

"वर. कासवांचा दिवा विझवायला."

"बाईंनी सांगितलंय वाटतं?"

"नाहीतर मास्तर, मला काय स्वप्न पडणार, वर कासवं आहेत म्हणून?"

मास्तर हसले. "मग चपला का हातात?"

"तुमची झोप मोडू नये."

"मी तर जागा आहे!"

"तेच ना," कुलूपवाला म्हणाला आणि एका दमात वर पळाला. दार लावून घेतलं आणि दाराला टेकून खालीच बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला आणि बघतो तर धाकटीची मान लुळी लोंबतेय. पायात जीव नाही. त्यानं तिला तळव्यांवर घेतलं, दिव्याखाली धरलं.

"जाऊबाई, रुसू नका. पाया पडतो तुमच्या. माझ्या हातून एवढं पाप नको."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मास्तरांची नव्हेत. पावलं दाराशी थांबली. कुलपात किल्ली फिरली. आवाजावरूनच त्याला कळलं, ही या कुलपाची स्वतःची किल्ली.

मागच्या गॅलरीचं दार उघडंच होतं. धाकटीला दगडावर ठेवायचं आणि निघायचं, एवढंच. पण तळव्यात जरासं काही हललं, की त्याचाच हात कापला, त्याला कळेना. तो तिथंच उभा राहिला.

बाई आत आल्या. हातातली बॅग हातातच राहिली. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, कासवाकडं बघितलं, मोडक्या टायमरकडं बघितलं.

"कधीपासून?"

"तुम्ही गेलात त्या दिवसापासून."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

बाई कपाटापाशी गेल्या. दार उघडून आतला एकेक डबा बघितला; होतं सगळं, फक्त जागा बदललेल्या. मग हळूच दार बंद केलं. कुलूपवाल्यानं तळवे दिव्याखालून हलवले नाहीत.

आणि धाकटीनं मान उचलली. एक डोळा उघडला, बाईंना नीट न्याहाळलं, आणि कुलूपवाल्याच्या अंगठ्याला कडकडून चावली.

"आई गं!"

"भूक लागलीय तिला," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "नवा टायमर येईपर्यंत दिवा तुम्हीच लावायचा. दार वाजवून यायचं. आणि उद्या येताना एक चांगलं कुलूप घेऊन या."

झालं. शब्द न् शब्द खरा, मी आधीच सांगितलं होतं. बरं बरं, डोळे वटारू नका, एक गोष्ट तेवढी पदरची घातली. ती किल्ली. ती बाईंनी त्याला कधी दिलीच नव्हती.