पालकत्वाचा अर्ज

बत्तीस वर्षांच्या मतिमंद बहिणीचं कायदेशीर पालकत्व मिळावं, म्हणून धनराजने जबलपूरच्या कलेक्टर कचेरीत अर्ज केला. मंजूर झाला, की तो लताला दीक्षितपुऱ्यातली तिची खोली सोडायला लावून सिहोऱ्याला आपल्या घरी घेऊन जाणार होता. लताला जायचं नव्हतं.

"साहेब, हिला स्वतःचं काही ठरवता येत नाही जी. भाजी कोणती करू, हेसुद्धा शेजारच्या शेवंताबाईला विचारते."

साहेबांनी अर्ज उलटला. "पालकत्व सगळ्याच बाबतींत पाहिजे, की काही ठराविक बाबतींतच?"

धनराज मोबाईल काढत उठला. "एक मिनिट, सर. मिसेसला विचारून येतो."

तो बाहेर गेला. साहेबांनी लताकडे पाहिलं.

"थांबा जी," लता म्हणाली. "दादा विचार करून राहिला."