तेलात उतरलेला सर्व्हर

"सोडू काय खाली?" साखळी धरून पिराजीनं विचारलं.

शिरोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये कप्पीला सर्व्हर टांगला होता. खाली पिराजीनं स्वतः वेल्डिंग केलेली टाकी, आणि तिच्यात पाण्यासारखं नितळ तेल. हे तेल वीज वाहू देत नाही, उष्णता मात्र ओढून घेतं. कंपनीत इंजिनिअर स्नेहलनं हे चारदा समजावून सांगितलं होतं. आता मात्र तीच पुन्हा पुन्हा टाकीत डोकावत होती.

उसाच्या पानांचे फोटो पाहून रोग सांगणारा हा एकच सर्व्हर. मे महिन्यात रोज दुपारी तापून बंद पडायचा आणि शेतकरी बांधावर फोन धरून ताटकळायचे. तेलात बिघडला, तर दुसरा नव्हता.

"पिराजीमामा, थांबा जरा."

"कशाला? तीस वर्सं ट्रान्सफॉर्मर भरलं मी. त्ये बी त्येलातच असत्यात की. ह्यो त्येंचा धाकला भाऊ."

साखळी खडखडली. सर्व्हर बुडाला. बुडबुडे वर आले, थांबले. स्नेहलनं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

काहीच आवाज नाही.

"मेलं व्हय गं?" पिराजी ओरडला.

तिनं बटण पुन्हा चाचपलं. मग आठवलं, पंखे तर सकाळी तिनंच काढून ठेवले होते. आवाज येणार कुठून? तिनं डोळे उघडले. तेलाच्या तळाशी हिरवा दिवा लुकलुकत होता.

लॅपटॉपवर फोटो सरकू लागले. कागल, हातकणंगले, राधानगरी. वर पत्रा तापलेला, घड्याळात दीड. याच वेळेला सर्व्हर नव्वद अंशांना टेकायचा. आतल्या चिपच्या तापमानाचा आकडा चढला. चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. एक्कावन्न. आणि तिथंच थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"एक्कावन्न! मामा, एक्कावन्नच!" स्नेहलनं उडीच मारली. सांडलेल्या तेलावरून पाय घसरला, तशी ती टाकीचा काठ धरून हसत सुटली.

पिराजीला आकड्यात गम्य नव्हतं. त्यानं बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत तेलात घातला.

"अहो मामा!"

चालत्या सर्व्हरच्या पत्र्यावर त्यानं तळवा टेकवला.

"ऊब हाय," आयुष्यभर मोठ्यानं बोललेला तो माणूस हळूच म्हणाला. "कोंबडीखालच्या अंड्यावानी."